स्टिकरवर नाव असतं, वॅट नसतात

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की आमच्या कॉलेजच्या संगणक विभागात पालकांची ये-जा सुरू होते. फी भरून झालेली असते, होस्टेलची खोली मिळालेली असते आणि शेवटची मोठी खरेदी तेवढी राहिलेली असते. मी तिथे मशीनची देखभाल-दुरुस्ती पाहतो, म्हणून विचारणा माझ्याकडे येते. "सर, अभ्यासाला चांगला लॅपटॉप कोणता?" वडील विचारतात. मुलगा शेजारी उभा राहून मोबाइलवर बोट फिरवत असतो. वडिलांना फोन आला, ते व्हरांड्यात गेले, की तोच मुलगा टेबलाजवळ सरकतो आणि हळू आवाजात विचारतो, "सर, जीटीए चालते ना त्याच्यावर?"

दोघांचंही खरं असतं. चार वर्षं अभ्यास त्याच मशीनवर व्हायचा असतो आणि रात्री मित्रांबरोबर खेळणंही त्याच मशीनवर. पण दुकानात गेल्यावर बोलतात फक्त वडील. "अभ्यासाचा पाहिजे, ग्राफिक्स कार्ड पण पाहिजे म्हणतो पोरगा, पासष्टच्या वर नको." एवढ्या माहितीवर दुकानदार जे काढून दाखवतो ते बहुतेक वेळा अधलंमधलं मशीन असतं. दिसायला सडपातळ, नावाला ग्राफिक्स कार्ड, आणि खेळायला बसलं की धापा टाकणारं. म्हणून माझं पहिलं सांगणं पालकांना असतं, पोराला नाही: घरातच खेळाचं नाव घ्या. कोणते गेम खेळायचे आहेत ते मुलाला कागदावर लिहायला लावा. खेळण्यात चोरी नाही. चोरून ठेवलेल्या इच्छेपायी पासष्ट हजार चुकीच्या पेटीत जातात, ते मी जवळून पाहिलं आहे.

ताईचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला. भाऊजी पुसदकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी शहरातल्या एका दुकानातून लॅपटॉप आणला. दुकानदाराचं म्हणणं होतं, "आय-७ आहे, आरटीएक्स आहे, चार वर्षं पाहायचं काम नाही." भाऊजींना आय-७ हा शब्द माहीत होता, भाच्याला आरटीएक्स हा शब्द माहीत होता, आणि पेटीवर दोन्ही होते. एप्रिलच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे नागपूरला आला तो तक्रार घेऊनच. "मामा, हा लय गरम होऊन राहिला, अन् गेम अटकून अटकून चालते."

दुपारची वेळ होती, कूलर सुरू होता. आम्ही लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि 'सायबरपंक २०७७' लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसायला लागले. पहिली काही मिनिटं सेकंदाला चाळिशीच्या वर फ्रेम मिळत होत्या. मग प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या पुढे गेलं आणि तिथेच चिकटलं. त्याच्या शेजारचा वेगाचा आकडा मात्र पायऱ्या उतरावा तसा खाली येऊ लागला. फ्रेम तिशीत आल्या, गाडी वळवली की चित्र क्षणभर थिजायचं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हतं. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर पाहिलं: रॅम ८ जीबी, दोनपैकी एकच खाचा भरलेला. ग्राफिक्सच्या पानावर स्वतंत्र मेमरी ४ जीबी. मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं. ग्राफिक्सची कमाल पॉवर किती, हे तिथे लिहिलेलं असतं. आकडा ४५ वॅटच्याही आतला होता.

त्या मशीनमध्ये बिघाड काहीही नव्हता. ते जेवढं करण्यासाठी बनवलं होतं तेवढंच करत होतं. फक्त ते काय करण्यासाठी बनवलं आहे, हे स्टिकरवरून कळत नव्हतं.

आरटीएक्स ही तीन अक्षरं चिपच्या कुळाची आहेत, ताकदीची नाहीत. भाच्याच्या लॅपटॉपात होती आरटीएक्स २०५०. एनव्हिडियाने ती डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली. नाव २० मालिकेचं असलं तरी आतली चिप पुढच्या पिढीची, म्हणजे ३०५० मध्ये असते तीच. पण मेमरीकडे जाणारा रस्ता निम्मा: ३०५० ला तो १२८ बिटचा आहे, २०५० ला ६४ बिटचा. पॉवरची मर्यादा ३० ते ४५ वॅट. हलकेफुलके गेम आणि कॉलेजचं सॉफ्टवेअर यांना ती पुरते. भाच्याच्या कागदावर मात्र 'सायबरपंक' आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' होते, आणि तो कागद दुकानात कुणी काढलाच नव्हता.

आता वॅटचं नीट सांगतो, कारण माझ्या मते कमी पैशात लॅपटॉप घेणाऱ्याला याच एका गोष्टीने सर्वांत जास्त फसवलं जातं. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०५० ही चिप कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवू शकते. ४०६० चंही तसंच. दोन्ही टोकांच्या लॅपटॉपवर स्टिकर एकच. पूर्वी कमी पॉवरच्या चिपला 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव असे, त्यामुळे निदान शंका यायची. ३० मालिकेपासून ते शेपूट चिपच्या नावातून गेलं. परिणाम असा, की सडपातळ बॉडीत कमी वॅटवर कोंबलेली ४०६० आणि जाड बॉडीत पोटभर वीज मिळालेली ४०५० यांच्यात फरक फारसा उरत नाही. कधी कधी लहान नंबरच पुढे निघतो. वरच्या टोकाला मात्र प्रत्येक वाढीव वॅटचा फायदा कमी होत जातो, म्हणून ११५ च पाहिजेत असा हट्ट नको. ४०५० ला ऐंशी-नव्वदच्या आसपास मिळत असतील तर मी खुशाल घ्या म्हणतो. पन्नासच्या खाली असतील तर नाही म्हणतो, मग सूट कितीही असो.

हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने बहुतेक वेळा सापडतो. खरेदीच्या ॲपवर तो क्वचित दिसतो आणि दुकानातल्या पोराला विचारला तर तो "भरपूर आहे सर" म्हणतो. अशा वेळी मी पालकांना एक सोपा उपाय सांगतो: चार्जर मागा. तो उलटा करा, बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं, व्होल्ट आणि अँपिअर. दोघांचा गुणाकार करा. २० व्होल्ट आणि ७.५ अँपिअर म्हणजे १५० वॅट. २० आणि ८.५ म्हणजे १७०. २० आणि १० म्हणजे २००. प्रोसेसर, ग्राफिक्स, स्क्रीन, पंखे या सगळ्यांचं पोट या चार्जरवर. त्यामुळे ६५ किंवा ९० वॅटच्या चार्जरसोबत आलेल्या लॅपटॉपला कुणी गेमिंगचा म्हणत असेल, तर तिथून उठावं. भाच्याचा चार्जर ९० वॅटचा होता, पेटी उघडण्याआधी पाहिला असता तरी पुरे होतं. शिक्षक असलेल्या भाऊजींना गुणाकार शिकवायची गरज नव्हती. तो कुठे करायचा हे सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

वॅटच्या खालोखाल पाहायचं ते ग्राफिक्सची स्वतःची मेमरी. ही रॅमहून वेगळी, आणि ती नंतर वाढवता येत नाही. ४ जीबीत 'व्हॅलोरंट' आणि 'काउंटर-स्ट्राइक २' निर्धास्त चालतात, आणि कागदावर तेवढेच दोन गेम असतील तर जास्त पैसे घालू नका, ते बापाच्या खिशात राहू द्या. पण नव्या मोठ्या गेमना ४ जीबी अपुरी पडते. ती भरली की भिंतींवरचे तपशील पुसट दिसतात, माणसांचे कपडे उशिरा 'येतात' आणि खेळ अडखळतो. ६ जीबीवर आज सेटिंग थोडी खाली ओढून बहुतेक सगळं खेळता येतं. ८ जीबी असली तर चार वर्षांचा विचार करून मला जास्त बरं वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' या दोघांनी किमान गरज म्हणूनच ८ जीबी आणि रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड मागितलं. जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या चिपला त्यात जागाच नाही. ही चिप २०१९ ची, आणि अजूनही 'गेमिंग' म्हणून कुणी तरी स्वस्तात गळ्यात मारायला बघतो. पन्नास हजारांत ती नवी म्हणून घेऊ नका.

माझा सगळा सल्ला एका विचारावर उभा आहे. लॅपटॉपात काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही कधीच येत नाहीत. ग्राफिक्स चिप, तिचे वॅट, प्रोसेसर, स्क्रीन, बॉडी आणि पंखे हे घेतलं त्या दिवशी जे असेल तेच चार वर्षं. रॅम आणि एसएसडी बहुधा बदलता येतात. हातात पैसे मोजके असतील तर ते आधी पहिल्या गटावर घालायचे. दुकानात नेमकं उलट होतं. १ टीबी एसएसडी, आय-७, वर बॅग, माउस आणि ऑफिस फुकट, असं ताट वाढून ठेवलेलं असतं आणि त्या ताटाखाली ४ जीबीची चिप दडलेली असते.

रॅमबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: १६ जीबी हवी, आणि दोन पट्ट्यांत हवी. एकच पट्टी असली की प्रोसेसर मेमरीशी एकाच वाटेने बोलतो आणि गेममध्ये फ्रेम पडतात. भाच्याच्या लॅपटॉपात रिकाम्या खाचात ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली तेव्हा चित्राचं ते मधूनमधून थिजणं बरंच कमी झालं. इतर काहीच बदललं नव्हतं. घेण्याआधी खाचे किती, रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे का, हे विचारून घ्या. काही सडपातळ मॉडेलांत ती पूर्णच चिकटवलेली असते, तिथे ८ जीबी घेतली तर ८ वरच राहाल. पूर्वी मी सरसकट सांगायचो, ८ वाला घ्या आणि पट्टी बाहेरून टाका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव इतके चढले, की आता ते सरसकट सांगत नाही. दोन्ही किमती समोरासमोर मांडून बघा, कंपनीकडूनच १६ घेणं स्वस्त पडत असेल तर तेच घ्या. एसएसडी ५१२ जीबीवर सुरुवातीला भागतं, पण 'रेड डेड रिडेम्प्शन २' एकटाच १५० जीबी जागा मागतो. दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी जागा असली म्हणजे झालं.

प्रोसेसरच्या बाबतीत पालक आय-५ की आय-७ एवढंच विचारतात. शेवटचं अक्षर विचारा. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा. 'एच' म्हणजे जोर लावणारा. आय-७ १२५५यू हा पायाभूत १५ वॅटचा प्रोसेसर आहे आणि त्यात मोठे कोअर फक्त दोन. आय-५ १२४५०एच ४५ वॅटचा आणि त्यात मोठे कोअर चार. गेमिंगच्या लॅपटॉपात मी डोळे मिटून हा आय-५ घेईन. रायझेनमध्ये २०२३ पासूनच्या चार आकडी नावांत तिसरा आकडा पाहावा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो: ७५३५एचएसमधला ३ म्हणजे मागची पिढी, ७६४०एचएसमधला ४ म्हणजे पुढची. दोन्ही पेट्यांवर ७ हजारांचाच आकडा असतो. मागच्या पिढीचा म्हणून तो टाकाऊ होत नाही, बजेटमध्ये तो चांगलाच आहे, पण नव्याच्या भावात घेऊ नये.

स्क्रीनबद्दल सांगायला गेलं की लोकांचं लक्ष १४४ हर्ट्झवर असतं. ते हवंच, पण ते आता स्वस्त लॅपटॉपांतही मिळतं. कंपनी पैसे वाचवते ते रंगांच्या बाबतीत. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' आणि '२५० निट्स' लिहिलं असेल तर स्क्रीन फिकी समजा. '१०० टक्के एसआरजीबी' असेल तर रंग खरे. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर दुकानात झेंडूच्या फुलांचा एखादा फोटो मोबाइलवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी उघडून शेजारी धरा. फिक्या स्क्रीनवर त्या केशरीत विटकरी छटा उतरते आणि पाकळ्यांचे थर एकमेकांत मिसळतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा दोन हजार जास्त देऊनही चांगली स्क्रीन मागतो. चार वर्षं रोज कित्येक तास त्याच काचेकडे बघायचं असतं, मला तो पैसा अगदी योग्य वाटतो.

विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या पालकांसाठी आता थोडं वेगळं. लॅपटॉपसोबत येणाऱ्या कागदावर तो किती तापमानात वापरायचा हे छापलेलं असतं. अनेक कंपन्यांच्या कागदावर वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस असते. ही खोलीतली हवा. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि वरच्या मजल्यावरच्या होस्टेलच्या खोलीत दुपारी सावलीतही ३५ कधीच ओलांडलेले असतात. परदेशातले परीक्षण करणारे एसीतल्या खोलीत बसून जे आकडे देतात, ते आपल्या खोलीत येणार नाहीत. हवाच तापलेली असेल तर पंखा तीच आत ओढतो. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. भाच्याच्या लॅपटॉपात आम्ही जे पाहिलं ते हेच.

म्हणून इथे राहणाऱ्याने जाड लॅपटॉपला नाक मुरडू नये. मागून आणि बाजूंनी मोठ्या जाळ्या, दोन पंखे, खाली रबरी पाय उंच, दोन-सव्वादोन किलो वजन, हे सगळं आपल्या कामाचं आहे. सडपातळ ॲल्युमिनिअमची बॉडी काउंटरवर शोभते, एप्रिलमध्ये जीव खाते. गादीवर ठेवून खेळायचं नाही, खालची जाळी चादरीने बंद होते. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घ्यायचा नाही, त्यात ओलावा असतो. वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्यायचे, आमच्याकडे उघडलेल्या लॅपटॉपांत पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा असा थर निघतो, की तो चिमटीत धरून कापडासारखा उचलता येतो. वॉरंटीत असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या. आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून टाका. कथेच्या गेमांत ६० पुरेशा असतात, आणि चिपला उगाच धावावं लागत नाही.

होस्टेलच्या विजेबद्दल एक काळजीची गोष्ट. गेमिंग लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असतात. खोलीत दोन पिनांचा सॉकेट असतो म्हणून मुलं रुपयाचा कन्व्हर्टर लावतात, कुणी तर तिसरी पिन कापतात. अर्थिंग नसलं की धातूच्या बॉडीवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं होतं. मुलं त्याची सवय करून घेतात. करून घेऊ नका, वॉर्डनला सांगून अर्थिंग तपासून घ्या. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे स्टॅबिलायझर लागत नाही. वीज जाऊन झटक्याने परत येणाऱ्या भागात चांगला स्पाइक गार्ड मात्र घ्या. आणि बॅटरीवर गेम खेळण्याचा हिशेबच धरू नका. चार्जर काढला की ग्राफिक्सचे वॅट कापले जातात, मग मशीन कितीही महाग असो.

खरेदीची वेळ आली की मॉडेलचं कुळनाव ऐकून समाधान मानू नका. लिनोवोची लॉक, एचपीची व्हिक्टस, आसुसची टफ, एसरची नायट्रो ही कुळं आहेत. एकेका नावाखाली कित्येक प्रकार विकले जातात, त्यांत चिप वेगळी, स्क्रीन वेगळी, वॅट वेगळे. यूट्यूबवर पाहिलेला आणि काउंटरवरचा एकच आहे का, हे फक्त पेटीवरच्या पूर्ण मॉडेल कोडवरून ठरतं. तो कोड मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपशील तिथेच उभं राहून वाचा. दुकानदार घाई करत असेल तर करू द्या. साधारण २०२५ च्या सणासुदीत पासष्ट-सत्तर हजारांच्या पट्ट्यात ४०५० वाले लॅपटॉप मी पाहिले होते. भाव बदलत राहतात, पण जून-जुलैतल्या कॉलेजच्या ऑफर आणि दसरा-दिवाळी हे दोन हंगाम सोडून घाईने घेतलं तर बहुधा जास्त मोजावे लागतात. प्रवेश ऑगस्टमध्ये झाला असेल तर पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबवर काढून दिवाळीला घेतलं तरी काही अडत नाही. हे ऐकून मुलांची तोंडं पडतात, तरी मी सांगतो.

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दावर भाऊजींसारखी माणसं विसावतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. या योजनेत व्याज लागतंच, तेवढी रक्कम सूट म्हणून आधी किमतीतून वजा दाखवतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुम्हीच भरता, वर काही बँकांची प्रोसेसिंग फी. रोख घेतल्यावर मिळणारी सूट सोडून द्यावी लागली तर तोही खर्चच. घेऊ नका असं नाही, पगारदाराला हप्ता सोयीचा असतो. शेवटी एकूण किती जाणार, तो एक आकडा कागदावर लिहून मग सही करा. आणि पुसद, वणी, गडचिरोलीसारख्या गावांतल्या लोकांनी आणखी एक फोन करावा: कंपनीच्या हेल्पलाइनला आपला पिनकोड सांगून घरी येऊन दुरुस्ती मिळते का, जवळचं केंद्र कोणतं, हे विचारावं. लॅपटॉप कुरिअरने पाठवून पंधरवडा वाट बघणं परीक्षेच्या तोंडावर फार महागात पडतं.

पैसे खरोखरच कमी असतील, चाळीस-पंचेचाळीस असतील, तर नव्या कमजोर मशीनपेक्षा मी दोन वाटा दाखवतो. मुलगा घरीच राहून शिकणार असेल तर डेस्कटॉप. तेवढ्याच पैशात ताकद जास्त आणि प्रत्येक भाग पुढे बदलता येतो. होस्टेलला जाणार असेल तर ६ जीबीच्या आरटीएक्स ३०६० चा वापरलेला लॅपटॉप, पण तपासून. मूळ बिल हवं. बिजागरी उघड-मीट करून पाहावी, बाजूच्या प्लॅस्टिकला चीर नको. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता समोर येते. अर्धा तास गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका, घरघर असेल तर किंमत उतरवा किंवा सोडून द्या. विक्रेता अर्धा तास द्यायला तयार नसेल तर पुढे जा.

नवा घेतला तर पेटी फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, पेटीवरचा कोड आणि लॅपटॉपच्या पोटावरचा कोड दोन्ही दिसू द्या. पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि ग्राफिक्स मेमरी, कंट्रोल पॅनलमध्ये वॅट पाहून घ्या. काळ्या, पांढऱ्या, लाल पडद्यावर मेलेले ठिपके शोधा. दुपारच्या उन्हाच्या वेळी मुद्दाम तासभर जड गेम चालवा. बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि बहुतेक मुलं ती सॉफ्टवेअर टाकण्यात घालवतात. भाऊजी परत गेले तेव्हा दुकानदाराचं उत्तर होतं, "पेटी उघडली, आता काही होत नाही." दुकानदाराने तोंडी सांगितलेलं बिलावर काहीच नव्हतं. बिलावर फक्त कंपनीचं नाव आणि 'लॅपटॉप १ नग' होतं. म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल कोड, सिरियल नंबर, चिपचं नाव आणि रॅम लिहून घ्या, दुकानदाराने "गेम चालतील" म्हटलं असेल तर तेही व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घ्या. सांगितलं एक आणि दिलं दुसरं असं झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि तक्रार नोंदवताना बिलाचा फोटो लागतो.